आभाळ निवळते तेव्हा

पाऊस येतो तेव्हा गाजावाजा करून येतो. ढग गडगडतात, वारा सुटतो, मातीचा वास येतो. पाऊस आला हे लहान पोरालाही कळते. पण पाऊस गेला हे कसे ओळखावे? ते भल्याभल्यांना कळत नाही. पाऊस सांगून जात नाही. जातो, परत फिरतो, पुन्हा जातो. निघालो निघालो म्हणत दारात उभ्याने बोलत राहणारा पाहुणा असतो ना, तशी त्याची रीत आहे.

भादवा सरतो, आश्विन लागतो. या दिवसांत वर्षाची कमाई रानात असते. सोयाबीन कापणीला येते. भुईमूग उपटायचा असतो. कोकणात हळवे भात पिवळे होते. सोसायटीचे कर्ज, पोरांची पुस्तके, दिवाळीचा बाजार, सारे त्या पिकावर अवलंबून. अशा वेळी पाऊस गेला असे समजून पीक कापावे, आणि संध्याकाळी पाऊस यावा, यासारखे दुःख नाही. म्हणून या धड्यात आपण पाऊस कसा जातो ते शिकू.

१. उघडीप वेगळी, निवळणे वेगळे

ओढ्याचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवा. लगेच पाहिले तर ते गढूळच दिसते. घटकाभराने वरचे पाणी स्वच्छ दिसू लागते. पण घागरीला जरा धक्का लागला की पुन्हा गढूळ. रात्रभर घागर हलली नाही तर सकाळी गाळ तळाशी बसतो. तेव्हा पाणी खरे निवळले.

आभाळाचेही असेच आहे. पावसाळ्यात मध्येच दोन दिवस ऊन पडते. त्याला आपण उघडीप म्हणतो. उघडीप म्हणजे वरवर स्वच्छ झालेले पाणी. हवेत ओल तशीच असते. जरासे निमित्त झाले की ढग जमतात. हवेतली ओल कमी झाली, वारा फिरला, आणि तो फिरलेला राहिला, म्हणजे आभाळ निवळले. एका सकाळच्या निळ्या आभाळावरून यांतले कोणते, हे सांगता येत नाही.

२. वारा का फिरतो?

उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापते. समुद्र तेवढा तापत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावून येते. ती येताना पाण्याची वाफ घेऊन येते. आपल्याकडे हा वारा दक्षिण आणि मावळत यांच्या मधल्या दिशेकडून येतो. त्या दिशेला नैर्ऋत्य म्हणतात. म्हणून हे नैर्ऋत्य मोसमी वारे. आपला पावसाळा यांनीच आणलेला.

२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखी होते. पुढे सूर्य दक्षिणेकडे सरकतो. दिवस लहान होत जातो. जमीन लवकर निवते, समुद्र मात्र ऊब धरून राहतो. मग उलटे होते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तो उत्तर आणि उगवत यांच्या मधून, म्हणजे ईशान्येकडून येतो. तो जमिनीवरून आलेला, म्हणून कोरडा.

हाच ईशान्य वारा बंगालच्या उपसागरावरून जातो तेव्हा वाफ उचलतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत पाऊस पाडतो. आपली सुगी असते तेव्हा त्यांचा पावसाळा असतो.

३. खाते सुद्धा पाच दिवस थांबते

भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, पण पुण्यातल्या त्या जागेला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

मोसमी पाऊस परत निघाला, हे हे खाते जाहीर करते. तो सर्वांत आधी राजस्थानच्या पश्चिम टोकाहून निघतो. सरासरीने १७ सप्टेंबरच्या सुमारास तो तेथून निघतो, आणि १५ ऑक्टोबरच्या सुमारास सगळ्या देशातून गेलेला असतो. महाराष्ट्रातून तो बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातो.

खाते हे कसे ठरवते? राजस्थानच्या त्या भागात सलग ५ दिवस पाऊस पडलेला नसावा. हवेतील ओल कमी झालेली असावी. वाऱ्याची चाल बदललेली असावी. तीनही गोष्टी जुळल्या, तर पाऊस परतू लागला असे खाते सांगते. ज्या खात्याजवळ उपग्रह आहेत, रडार आहेत, ते पाच दिवस थांबते. मग आपण एका सकाळच्या उन्हावर विसंबून कसे चालेल?

वर्षे सारखी नसतात, हेही ध्यानात ठेवावे. २०१९ साली पाऊस राजस्थानातून ९ ऑक्टोबरला निघाला. इतका उशीर पूर्वी नोंदलेला नव्हता.

४. परतीचा पाऊस दुपारीच का येतो?

आषाढातला पाऊस दिवसरात्र झिमझिमतो. परतीच्या पावसाचे तसे नाही. सकाळ स्वच्छ. दुपारी अंगाची लाही होते. तीन-चारच्या सुमारास एका बाजूने काळे ढग चढतात. वारा घोंघावतो, विजा कडाडतात, तासभर धो धो पडते. रात्री पुन्हा चांदणे.

याचे कारण सोपे आहे. चार महिने पाणी पिऊन जमीन ओली झालेली असते. वरून ढग हटल्यामुळे कडक ऊन पडते. ओल्या जमिनीची वाफ होते. चुलीवर झाकण ठेवून भात शिजवावा, तशी हवा आतल्या आत उबते. तापलेली ओली हवा उंच चढते. उंचावर थंडी असते. तेथे वाफेचे पाणी होते, आणि ढगांचे मनोरे उभे राहतात. ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरट दिसू लागला, तर तो ढग गडगडाटी पावसाचा समजावा.

म्हणजे सकाळी आभाळ निळे असणे ही पाऊस गेल्याची खूण नव्हे. परतीच्या पावसाची सकाळ निळीच असते. माणूस फसतो तो याच ठिकाणी.

५. नक्षत्रे, सण आणि तारखा

आपल्या आजा-पणजांनी पावसाचा हिशोब नक्षत्रांवर बसवला. सूर्य एका नक्षत्रात १३-१४ दिवस असतो. उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास लागते. हस्त २७ सप्टेंबरच्या, चित्रा १० ऑक्टोबरच्या, आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास. हस्ताला आपण हत्ती म्हणतो. पोरीबाळी पाटावर हत्ती काढून भोंडला खेळतात, तो हाच. चित्राचा पाऊस पिकल्या भाताचा नाश करतो, आणि स्वातीच्या पावसावर मोती पिकतात, असे जुने लोक म्हणत आले. त्यात अनुभव आहे. उभ्या भाताला जो पाऊस मारतो, तोच पेरलेल्या ज्वारी-हरभऱ्याला तारतो.

सणांचे मात्र वेगळे आहे. सण चंद्राच्या तिथीवर येतात, आणि तारीख मागेपुढे होते. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२५ साली तो २ ऑक्टोबरला आला. तीन आठवड्यांचा फरक! मराठे सरदार दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघत, कारण तोवर नद्यांना उतार पडे आणि वाटा वाळू लागत. ती रीत शहाणपणाची होती. पण दसरा झाला म्हणून पाऊस गेला, असे मानून खळे उघडे टाकू नये.

६. निवळल्याच्या खुणा

आता खुणा पाहू. या तुमच्याच रानात दिसतील.

वारा: एका उंच काठीला कापडाची चिंधी बांधा. ती काठी अंगणात रोवा. चिंधी पूर्वी उगवतीकडे फडफडत होती, ती आता मावळती-दक्षिणेकडे फडफडू लागली, तर वारा फिरला. दिशा रोज सकाळ-संध्याकाळ पाहावी.

रात्र: ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. गोधडी निघाली की दिवसाची ऊब रात्री वर निघून जाते. म्हणून दिवसा ऊन तापते आणि पहाटे पांघरूण लागते.

दंव: पहाटे गवतावर, कोळ्याच्या जाळ्यांवर दंवाचे मणी दिसतात. रात्र निरभ्र असल्याची ही खूण. पण एका रात्रीच्या उघडिपीतही दंव पडू शकते, म्हणून नुसत्या दंवावर जाऊ नये.

दुपार: ही सर्वांत मोठी खूण. दुपारी तीन-चारला कोणत्याही बाजूला ढगांचे मनोरे चढत नाहीत, आणि असे सलग पाच दिवस होते, तेव्हा हवा खरी कोरडी झाली.

पाणी आणि पाखरे: ओढ्याचे पाणी नितळ होऊन तळाचे गोटे दिसू लागतात. शेपटी वरखाली हलवीत तुरुतुरु चालणारा धोबी पक्षी थंडीच्या मुक्कामाला ओढ्याकाठी येतो.

एका खुणेवर निर्णय करू नये. तीन-चार खुणा जुळाव्यात, आणि पाच दिवस टिकाव्यात.

७. कापावे तेवढे झाकावे

कोणी म्हणेल, “मास्तर, तुमचे पाच दिवस पुरे होईस्तोवर माझ्या सोयाबीनच्या शेंगा फुटतील. त्याचे काय?” प्रश्न खरा आहे. पिकलेले सोयाबीन रानात फार दिवस उभे राहिले, तर शेंगा तडकून दाणे मातीत जातात. थांबण्यात तोटा, घाई करण्यातही तोटा. मग करावे काय? पारावरचे हे बोलणे ऐका.

“मामा, आभाळ कसं निळंभोर झालंय. उद्या सगळंच सोयाबीन कापून टाकतो.”

“मानसं किती हायेत?”

“धा जणं सांगितल्यात.”

“आन् मळणीयंत्र?”

“ते चार दिवसांनी येतंय.”

“ताडपत्री किती?”

“एकच हाय, मामा.”

“मग एका ताडपत्रीखाली मावंल तेवढंच काप, बाबा. बाकीचं उभं राहू दे. उभ्या पिकावरनं पाणी निथळतं. आडव्या पिकात पाणी मुरतं.”

मामाने लाख मोलाची गोष्ट सांगितली. उभ्या झाडाची शेंग भिजली तरी वाऱ्याने वाळते. कापून जमिनीवर पसरलेले पीक खालून-वरून भिजते. मग शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो, बुरशी येते, दाणा काळा पडतो. व्यापारी असा माल हातात धरीत नाही. म्हणून परतीच्या पावसाच्या दिवसांत नियम एकच: संध्याकाळपर्यंत जेवढे झाकता येईल, तेवढेच कापावे.

गंजी लावताना या गोष्टी कराव्या. गंजी उंचवट्यावर लावावी. खाली लाकडे किंवा दगड घालावे. भोवती चर काढावा, म्हणजे पाणी बुडाशी साचणार नाही. वरचा आकार उतरता ठेवावा. ताडपत्रीची टोके दगडांनी दाबावी. पाऊस थांबून ऊन पडले की ताडपत्री काढून गंजीला वारा द्यावा. ओले पीक झाकून ठेवले तर ते आतून तापते आणि कुजते.

भुईमूग उपटल्यावर शेंगा नीट वाळवाव्या. ओल राहिली तर एक बुरशी धरते, आणि तिच्यातून विष तयार होते. ते माणसालाही बाधते, जनावरालाही बाधते. बुरशीची शेंग निवडून टाकून द्यावी. काळा पडलेला कडबाही जनावरांना घालू नये.

दाणे पोत्यात भरण्याआधी चावून पाहावे. दाणा कटकन फुटला पाहिजे. दाताखाली मऊ लागला तर अजून ऊन द्यावे. साठवणीच्या धान्यात शंभर किलोमागे दहा-बारा किलोंपेक्षा जास्त पाणी नसावे, असे शेतीचे जाणकार सांगतात.

आणि झाली हानी तर हातपाय गाळून बसू नये. त्याच दिवशी नुकसानीचे फोटो काढावे. महसूल आणि शेती खात्याच्या गावच्या माणसाला कळवावे. अर्ज लेखी द्यावा, त्यावर तारीख घालावी, आणि पोच मागून घ्यावी. आता तुम्हांला लिहिता येते. तोंडी सांगितलेले विरून जाते, लिहिलेले राहते.

८. विजेपासून सांभाळा

परतीच्या पावसात विजा फार. पीक पुन्हा येते, माणूस येत नाही. गडगडाट कानावर आला की काम टाकून पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये. आवाज वाऱ्यापेक्षाही वेगाने येतो, पण उजेडाच्या मागे राहतो. वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत सावकाश आकडे मोजा. साधारण ३ आकड्यांना १ किलोमीटर अंतर धरावे. ९ मोजले तर वीज ३ किलोमीटरवर पडली. पुढची तुमच्या रानात पडू शकते.

जवळ घर नसेल तर उघड्यावर सर्वांत उंच असे काही होऊ नये. खोलगट जागी पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे होऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, मगच रानात परतावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय मोबाइलवर केली आहे. जवळपास विजांचा धोका असेल तर ती इशारा देते.

९. समुद्राचा दगा

आभाळ निवळले, वारा फिरला, तरी एक गोष्ट उरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्रावर वादळे उठतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या मधल्या किनाऱ्यावर आले. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ उठले, आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’. ती आपल्या किनाऱ्यावर चढली नाहीत, पण त्या दिवसांत राज्यात ठिकठिकाणी कापलेले पीक भिजून गेले. २०२० च्या ऑक्टोबरात तर बंगालच्या उपसागरातून आलेली पावसाची चाल आंध्र, तेलंगण ओलांडून १४ तारखेला सोलापूर-पुण्यापर्यंत आली. भीमेला पूर आला.

अशा वादळाची खूण अंगणात दिसत नाही. ते शेकडो मैल दूर असते. येथे आजा-पणजांचे नक्षत्र पुरत नाही, चिंधीही पुरत नाही. येथे आकाशवाणीची बातमी ऐकावी, किंवा हवामान खात्याचा इशारा वाचावा. खाते चार रंगांत इशारा देते. हिरवा म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. जिल्ह्याच्या नावापुढे कोणता रंग आहे, ते वाचायला शिका. हे वाचणे पोथी वाचण्याइतकेच मोलाचे आहे.

१०. पावसाची वही

एक वही करा. तीत रोज चार गोष्टी लिहा: तारीख, वाऱ्याची दिशा, पहाटे दंव होते की नाही, दुपारी ढग चढले की नाही. सरळ उभ्या कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा. पाऊस पडला तर त्यातले पाणी पट्टीने मोजा. डब्यात १० मिलिमीटर पाणी भरले, तर एका एकरावर सुमारे ४० हजार लिटर पाणी पडले. पुढे ज्वारी कधी पेरावी, ओल किती आहे, याचा अंदाज त्यावरून येईल. ज्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी होते, तेथे ती बहुतेक याच मुरलेल्या ओलीवर वाढते. म्हणून या पावसाला नुसती बोटे मोडू नयेत. हा जाता जाता पुढच्या भाकरीची सोय करून जातो.

दोन-तीन वर्षे वही भरली, की तुमच्या शिवाराची रीत तुम्हांला कळेल. पाऊस तुमच्या गावाहून कधी जातो, हे पुण्याच्या कचेरीपेक्षा तुमची वही नेमके सांगेल. तोवर मामाचे बोलणे विसरू नका: कापावे तेवढे झाकावे.

प्रश्न

१. उघडीप आणि आभाळ निवळणे यांत फरक काय?
२. पावसाळ्यात वारा कोणत्या दिशेकडून येतो? हिवाळ्याकडे तो कोणत्या दिशेने फिरतो?
३. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर का येतो?
४. उभे पीक भिजणे आणि कापलेले पीक भिजणे, यांत जास्त नुकसान कशात? का?
५. वीज चमकली आणि ६ आकडे मोजल्यावर गडगडाट ऐकू आला. वीज किती दूर पडली?
६. नुकसानीचा चार ओळींचा अर्ज लिहा. तारीख आणि सही विसरू नका.